दोन जिवांचा आहार : आदिलाबाद जिल्ह्यातील गरोदर स्त्रीचे वजन आणि आपल्या वर्गातील मुली

गरोदर स्त्रीला मराठीत 'दोन जिवांची' म्हणतात, तर आपल्या जिल्ह्याच्या दखनी उर्दूत तिचे 'पांव भारी' असतात. 'डोहाळे' हा शब्दही संस्कृतातील 'दौर्हृद', म्हणजे दोन हृदये असणे, या कल्पनेशी जोडला जातो. भाषेने अशी जाण ठेवली असली तरी घरातून मिळणारा सल्ला मात्र दोन टोकांचा असतो. एक 'आता दोघांचं खा' असा, आणि दुसरा त्याच्या अगदी उलट. शेवटच्या वर्षाची एक विवाहित विद्यार्थिनी सातव्या महिन्यातही वर्गात येत असे, पण दुपारी डबा उघडत नसे. कारण विचारले तेव्हा म्हणाली, "ज़्यादा खाए तो बच्चा बड़ा होता, फिर ऑपरेशन करते बोलके सास बोले." प्रस्तुत लेख या एका वाक्यामुळे लिहिला आहे.

सासूबाईंची भीती निराधार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) तेलंगणात ६०.७ टक्के प्रसूती सीझरने झाल्या. हे प्रमाण देशात सर्वाधिक होते. परंतु आधीचे सीझर, बाळ आडवे असणे, वाढलेला रक्तदाब, इतकेच काय मुहूर्त साधण्याचा हट्ट, अशी सीझरची कारणे अनेक आहेत आणि आईने अर्धपोटी राहिल्याने त्यांपैकी एकही टळत नाही. टळते ते बाळाचे वजन. अडीच किलोहून कमी वजनाचे मूल जन्मतःच जोखमीत असते. त्याच सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी, म्हणजे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमहून कमी असलेल्या, आढळल्या. अशा स्त्रीला प्रसूतीतील थोडासा रक्तस्रावही सोसत नाही, मग ती प्रसूती कोणत्याही पद्धतीची असो.

गरोदरपणात वाढलेले वजन म्हणजे केवळ चरबी नव्हे. पूर्ण दिवसांचे बाळ सुमारे तीन किलो, वार अर्धा किलोहून थोडी अधिक, गर्भजल आणि वाढलेले गर्भाशय प्रत्येकी एक किलोच्या आसपास, वाढलेले रक्त सव्वा ते दीड किलो. शिवाय स्तनांची वाढ, अंगातील पाणी आणि पुढे दूध पाजण्यासाठी शरीराने राखलेली शिदोरी. हा हिशेब दहा-बारा किलोंपर्यंत सहज जातो. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये ही वाढ गरोदरपणापूर्वीच्या वजनाशी जोडली. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो, तो १८.५ पेक्षा कमी असल्यास साडेबारा ते अठरा किलो, १८.५ ते २४.९ असल्यास साडेअकरा ते सोळा, २५ ते २९.९ असल्यास सात ते साडेअकरा, आणि त्याहून अधिक असल्यास पाच ते नऊ किलो. दीड मीटर उंचीच्या, चाळीस किलोच्या मुलीचा अंक १७.८ येतो. आपल्या वर्गात अशा मुली शोधाव्या लागत नाहीत. म्हणजे जिला सर्वांत जास्त वजन वाढवायचे आहे, तिलाच कमी खाण्याचा सल्ला मिळतो आहे!

'दोघांचं खा' हाही सल्ला शब्दशः घेऊ नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे रोज सुमारे ३५० उष्मांक अधिक पुरतात. घरच्या मापाने सांगायचे तर एक ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि लहान पेलाभर दूध.

तथापि प्रश्न फक्त उष्मांकांचा नाही, हे पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील अभ्यासाने दाखविले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९९० च्या दशकात झाला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बाळाच्या आकाराचा संबंध आईच्या एकूण उष्मांकांशी दिसला नाही. तो दिसला अठराव्या आठवड्यातील दुधाशी, आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यातील हिरव्या पालेभाज्या व फळांशी. मग मुंबईच्या वस्त्यांत स्त्रियांना रोज पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ देऊन पाहण्यात आला. सरसकट पाहता जन्मवजनात ठळक फरक पडला नाही. परंतु गर्भ राहण्यापूर्वी किमान तीन महिने ज्यांनी खाऊ घेतला, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. मला या अभ्यासातील हीच गोष्ट अध्यापकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वाटते. डॉक्टरांना ती स्त्री गर्भ राहिल्यावर भेटते. आपल्याला त्याआधी दोन-तीन वर्षे.

आपल्या जिल्ह्यात अन्नाची नावे परकी नाहीत. अंबाडी, चवळी, तूर, ज्वारी, उटनूरकडच्या मोहफुलांचे लाडू हे सारे इथलेच. मात्र शेतात कापूस आणि सोयाबीन वाढले, ताटात रेशनचा तांदूळ वाढला आणि भाकरी मागे सरली. अंगणवाडीतील 'आरोग्य लक्ष्मी' योजना १ जानेवारी २०१५ पासून सुरू झाली. तिच्यात एक वेळचे पूर्ण जेवण, अंडे आणि २०० मिलिलिटर दूध ठरविलेले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ज्या नऊ जिल्ह्यांत खजूर, तूप व लोहाचे औषध असलेला पोषण संच देण्यास आरंभ झाला, त्यांत आदिलाबाद आणि आसिफाबाद हे दोन्ही होते. अडचण अशी की अंगणवाडीत बसून जेवणे अनेक घरांतील सुनेला संकोचाचे वाटते, आणि घरी आणलेले अंडे सर्वांत वाटले जाते. लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या जेवणानंतरच्या चहाबरोबर घेतल्यास बरेचसे लोह वाया जाते. लिंबूपाणी त्याहून बरे.

रमजानविषयी विद्यार्थिनी हमखास विचारतात. स्वतःला किंवा बाळाला अपाय होण्याची भीती असल्यास गरोदर स्त्रीला रोजा पुढे ढकलण्याची सवलत फिकहच्या ग्रंथांत आहे. हनफी मतानुसार नंतर कजा करावी. वैद्यकीय अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत : २०११ मधील एका अभ्यासाने अमेरिकेतील अरब मातांच्या बाळांचे वजन किंचित कमी असल्याचे दाखविले, तर २०१८ मधील एकत्रित आढाव्यात तसा फरक आढळला नाही. परंतु रक्तक्षय, मधुमेह किंवा चाळीस किलोचे वजन असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरू नये, असे मी स्पष्ट सांगतो.

चौथ्या महिन्यापासून कृश स्त्रीचे वजन आठवड्याला सुमारे अर्धा किलो वाढावे. ते एकदम फार वाढले आणि चेहरा-हात सुजले, तर तो आहाराचा गुण न समजता त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्यावा. वजनकाटा बहुतेक महाविद्यालयांत क्रीडा विभागात असतोच. प्रवेशाच्या वेळी उंची व वजन नोंदविण्यास प्रत्येकीमागे दोन मिनिटे पुरतात. फक्त तो आकडा सर्वांसमोर मोठ्याने वाचू नये.