आमका इचारा : तीस वर्षांचा मागोवा

कुडाळ असो, पिंगुळी असो, नाहीतर सावंतवाडी, अपंग माणूस कामासाठी टेबलापुढे आला की पलीकडून प्रश्न येतो तो सोबतच्याला: "ह्येचा नाव काय?" ज्याचं नाव विचारायचं तो तिथेच असतो. त्याला ऐकू येतं, बोलताही येतं. गेल्या तीस वर्षांत कायदे बदलले, आरक्षणाचे टक्के वाढले, कागदी प्रमाणपत्राचं कार्ड झालं. प्रश्न मात्र अजून सोबतच्याकडेच वळतो. म्हणून हा मागोवा एवढ्यापुरताच आहे: अपंगांचे निर्णय घेताना अपंगांना विचारलं कधी आणि कुणी?

डिसेंबर 1995 मध्ये अपंग हक्क कार्यकर्ते जावेद अबिदी आणि त्यांचे सहकारी दिल्लीत संसदेवर धडकले. अबिदी स्वतः व्हीलचेअरवर होते. त्याच आठवड्यात, 22 डिसेंबरला, अपंगांसाठीचा पहिला सर्वंकष कायदा मंजूर झाला आणि 7 फेब्रुवारी 1996 पासून लागू झाला. सरकारी नोकऱ्यांतल्या 3 टक्के राखीव जागांना त्यातूनच कायद्याचा आधार मिळाला. 1991 च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्नच नव्हता. मोजणीत नाही तो हिशेबात कसा येणार? 2001 मध्ये तो प्रश्न पुन्हा आला, त्यामागेही याच मंडळींचा रेटा होता. 2011 च्या गणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग नोंदले गेले. ही संख्याही कमीच असावी असं माझं मत आहे, कारण घरातलं असं मूल सांगायचं टाळणारी कुटुंबं आपल्याही वाड्यांत आहेत.

पण दिल्लीच्या आधी कोल्हापूर. सोळाव्या वर्षी कमरेखालची संवेदना गेलेल्या नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये तिथे 'हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड' ही संस्था उभी केली. वसतिगृह आलं, शाळा आली. पुढे संस्थेने आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, पिंगुळीच्याच कुडाळ तालुक्यात, मोरे गावी 'स्वप्ननगरी' वसवली आणि तिथे काजू प्रक्रिया सुरू केली. अपंगांसाठी संस्था पुष्कळ निघाल्या, पण बहुतेकींच्या कार्यकारिणीत अपंग शोधावे लागतात. इथे पहिला निर्णय घेणारी बाईच चाकाच्या खुर्चीत बसलेली होती. 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनातून नसीमादीदींनी हा प्रवास मराठी वाचकांपुढे ठेवला.

काजूचंच उदाहरण घ्या, कारण आपल्याकडे ते घरोघरी कळेल. काजू फोडायच्या नेहमीच्या यंत्रात बी पात्यांत धरायची, हाताने दांडा ओढायचा आणि पायाने पट्टी दाबायची. ज्याचे पाय चालत नाहीत त्याने ती पट्टी कशी दाबायची? यावर यंत्र देणारा एकटाच विचार करत बसला, तर "हे काम ह्यांच्याच्याने होणार नाही" असा निकाल देऊन मोकळा होईल. यंत्रावर बसणाऱ्याला आधी विचारलं, तर बोलणं यंत्र कसं बदलायचं यावर येईल. बसणाऱ्याला विचारण्याचा अर्थ माझ्या लेखी इतका साधा, हातातल्या कामाचा आहे.

स्वतः अपंग असलेल्या अनुवादिका सोनाली नवांगुळ 'हेल्पर्स'मध्येच राहिल्या आणि नंतर बाहेर पडून कोल्हापुरात स्वतंत्र राहू लागल्या. चांगल्या संस्थेची ऊबही एका टप्प्यावर सोडायची, घर स्वतः चालवायचं, मदत कुठे आणि किती घ्यायची ते स्वतः ठरवायचं, हा निर्णय मला फार मोठा वाटतो. सलमा यांच्या तमिळ कादंबरीच्या 'मध्यरात्रीनंतरचे तास' या अनुवादासाठी त्यांना 2020 चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला.

मधल्या काळात अपंगांच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांचा करार झाला. तो 2006 मध्ये मंजूर झाला, भारताने 2007 मध्ये स्वीकारला. मसुद्याच्या चर्चेत अपंगांच्या संघटना स्वतः बसल्या होत्या. आम्हाला वगळून आमचे निर्णय नकोत, हे त्यांचं मागणं होतं आणि धोरणं ठरवताना अपंगांशी सल्लामसलत करण्याचं बंधन करारात आलं. त्याला धरून आपला 2016 चा कायदा आला. अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले, आरक्षण 4 टक्के झालं, याचा गवगवा झाला. कलम 13 कडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. अपंग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा, आपले पैशांचे व्यवहार आपण सांभाळण्याचा हक्क आहे, असं ते कलम सांगतं. मानसिक आजारातून गेलेल्यांसाठी हीच लढाई पुण्यात 'बापू ट्रस्ट'च्या भार्गवी दावर यांनी आयुष्यभर लढली.

आता गावाकडे. स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी ग्रामपंचायतीने दिव्यांगांसाठी खर्च करायचा, असा नियम महाराष्ट्रात आहे. बऱ्याच ठिकाणी होतं काय, की मार्च जवळ आला की यादी काढतात, रक्कम वाटतात, फोटो काढतात. रस्त्यापासून घरापर्यंतची पाणंद पावसाळ्यात शेवाळते, तिथे कुबडी ठरत नाही. त्यावर पैसे लावा, असं सांगायला यादीतल्या कुणाला बोलावलेलंच नसतं. चिऱ्याच्या चार पायऱ्या चढून सभा गाठायची, तर बोलण्याआधीच दम जातो.

छत्तीसगडने पंचायतीत दिव्यांग सदस्य असण्याची सोय कायद्यातच केली. तमिळनाडूने 2025 मध्ये तशीच दुरुस्ती केली. महाराष्ट्राने 2022 मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. तेव्हा पंचायतीत दिव्यांगांना जागा देण्याचं पाऊल आपल्याला जड नाही. आणि पिंगुळीला तर हे सांगायलाच नको. चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या या कला इथल्या गुढीपूरच्या ठाकर समाजाने स्वतः जगवल्या. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात या कलांचं संग्रहालय मांडलं, 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्याचं त्याने पुढे होऊन केलं की काय होतं, हे या गावाने पाहिलं आहे.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. तशी दिव्यांगांची सभा घ्यावी, 5 टक्क्यांचा खर्च तिथे ठरावा आणि तो ठराव इतिवृत्तात लिहिला जावा. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे माझं हे मागणं आहे. वाचकांकडेही एक आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबर, जी सभा आधी येईल तिला तुमच्या वाडीतल्या अपंग माणसाला यायचं आहे का ते विचारा. हो म्हणाला तर सोबत जा, पायऱ्या चढायला हात द्या, आणि सभा सुरू झाली की त्याच्या वतीने बोलू नका.