गाडी वरून कोरडी, आतून ओली

रोहिणी निघाल्या की वळवाच्या पावसाचा काही नेम राहत नाही. दिवसभर उन्हाने अंग भाजते, तिसऱ्या प्रहरी मावळतीला काळे ढग उठतात, धुळीचा लोट येतो आणि पाठोपाठ टपोरे थेंब. मग घरात एकच धांदल उडते. अंगणातली कुरडया-सांडग्यांची वाळवणे, चाळीबाहेरचा कांदा, उघडा कडबा. ज्याच्या हाताला जे लागेल ते तो आत ओढतो. या गडबडीत चिंचेखाली काचा खाली करून उभी केलेली मोटार मात्र कोणाच्याच ध्यानात राहत नाही.

आता खेड्यात मोटार ही काही बड्या बागाईतदाराचीच चैन राहिलेली नाही. दवाखाना, बाजार, लेकीचे सासर यांसाठी जुनी का होईना, चारचाकी बऱ्याच दारांत उभी दिसते. आमच्या दारातली गाडीही अशीच, दुसऱ्याने वापरलेली, थोरल्या भावाने डाळिंबाच्या दोन बहारांच्या पैशांतून घेतलेली. घेण्याचे मुख्य कारण आमची आई. तिला दमा. रात्री-अपरात्री धाप लागली तर तालुक्याचा दवाखाना गाठायला हाताशी वाहन हवे, एवढाच हिशेब. ती गाडी दोन वर्षांमागे अशाच वळवात भिजली, आणि पहिले आठ दिवस आम्ही तिच्या बाबतीत जी चूक केली ती पुष्कळ घरांत होते असे पुढे कळले. म्हणून हा लेख.

आधी पाणी किती शिरते ते पाहा. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजायची आपल्याला सवय आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी पडते. गाडीच्या दाराची पूर्ण उघडी काच म्हणजे साधारण पाव चौरस मीटरची खिडकी. वाऱ्याने आडवा झालेला पाऊस त्यातून आत घुसला, आणि दोन काचा उघड्या असल्या, तर अर्धी कळशी पाणी आत जायला फार वेळ लागत नाही. शिवाय सीटवरचे पाणी सीटवर थांबत नाही. ते पाझरत खाली जाते आणि सर्वांत खोलगट जागी, म्हणजे पाय ठेवतो तिथे, साठते.

आम्ही त्या संध्याकाळी काय केले? फडक्यांनी सीट पुसल्या, रबरी पायपुसणी काढून झटकली, दुसऱ्या दिवशी चारी दारे उघडी टाकून गाडी उन्हात लावली. दुपारपर्यंत हात लावला तर सगळे कोरडे ठणठणीत. काचा लावल्या आणि मोकळे झालो. चार-पाच दिवसांनी दार उघडताच कुबट वास येऊ लागला. ओली पोती कोपऱ्यात पडून राहिल्यावर येतो तसा. मग कोणी उदबत्ती लावली, कोणी बाजारातून अत्तराची डबी आणून लटकवली. वास दबला, गेला नाही. आठव्या रात्री आईला धाप लागली. गाडीत बसवले तर धाप वाढली, खोकल्याची उबळ थांबेना. शेवटी चारी काचा उघड्या टाकून, तिच्या अंगावर घोंगडी लपेटून, भुरभुर पावसात अठरा किलोमीटर गेलो. डॉक्टरांनी औषध देऊन तिला सावरले आणि म्हणाले, “गाडीत बुरशी धरली असणार. दम्याच्या माणसाला ती बाधते. आधी ती काढा, मग यांना त्यात बसवा.”

घरी आल्यावर भाऊ म्हणाला, गाडी तर कोरडी आहे. त्यावर वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, वरून वाळलेली ज्वारी आपण कणगीत भरतो का कधी? हात कोपरापर्यंत आत घालून बघतो. गाडीत हात घातला का कोणी?”

आणि खरी मेख तिथेच होती. गाडीच्या तळाला जो गालिचा दिसतो तो वरचा पातळ थर. त्याचे धागे बहुतेक कृत्रिम असतात, ते पाणी धरत नाहीत, तासा-दोन तासांत सुकतात. पण त्याच्याखाली आवाज आणि उष्णता अडवण्यासाठी बोटभर जाड थर घातलेला असतो. काही गाड्यांत चिंध्यांच्या लगद्याचा, काहींत स्पंजाचा. तो थर पाणी पिऊन बसतो. त्याच्या वर गालिचा, खाली पत्रा. वारा नाही, ऊन नाही. त्यातले पाणी आठवड्याने काय, महिन्यानेही आपोआप जात नाही. बुरशीला तर ओल मिळाली की एक-दोन दिवस पुरतात. आम्ही दाराच्या उंबऱ्याची प्लॅस्टिकची पट्टी उचकटून गालिच्याचा कोपरा वर केला, तर खालच्या थरातून पिळून अर्धी बादली काळपट पाणी निघाले. पत्र्यावर दोन ठिकाणी तांबूस डाग धरले होते. सीटखालच्या वायरींच्या एका जोडाला हिरवट कळंक चढला होता, बिनकल्हईच्या तांब्या-पितळेला चढतो तसा. आणखी एक पावसाळा तसाच काढला असता तर पत्र्याला भोक आणि वायरींत बिघाड, दोन्ही ठरलेले.

तेव्हा गाडी भिजली की पहिल्याच दिवशी काय करावे ते सांगतो.

प्रथम गाडी चालू न करता बॅटरीची ऋण बाजूची, म्हणजे वजा खुणेची, वायर सोडवावी. साचलेले पाणी तांब्याने-फडक्याने काढावे. जुने सुती धोतर किंवा टॉवेल गालिच्यावर अंथरून त्यावर उभे राहावे, पायाच्या दाबाने पाणी फडक्यात येते. पिळावे, पुन्हा अंथरावे. धुलाईच्या दुकानात पाणी ओढणारे यंत्र असते, ते मिळाले तर अर्धे काम तिथेच होते. पायपुसणी, सीटची कव्हरे, डिकीतली स्टेपनी, तिच्याखालचे अंथरूण, सगळे बाहेर काढावे. स्टेपनीच्या खळग्यात पाणी साठते आणि महिनोन्महिने कोणी बघत नाही.

मग सीट. जुन्या साध्या गाड्यांत पुढची सीट बहुधा चार बोल्टांवर असते. पाना असला तर घरच्या घरी निघते. पण नव्या गाड्यांत एअरबॅगच्या वायरी सीटखालून जातात, त्यांचे जोड बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. पिवळा जोड दिसला की हात आखडावा आणि मिस्त्रीला बोलवावे. तिथे धाडस नको. सीट काढायची नसेल तर ती पुढे-मागे सरकवून, उंबऱ्याच्या पट्ट्या काढून गालिचा जेवढा उचलेल तेवढा उचलावा आणि खाली विटेचा तुकडा किंवा लाकडी ठोकळा घालून उचललेलाच ठेवावा. पुष्कळ गाड्यांच्या तळाला रबरी बुचे असतात. गालिचा उचलल्यावर ती दिसतात. काढली की उरलेले पाणी निघून जाते. परत बसवायची आठवण मात्र ठेवावी, नाहीतर रस्त्याचा चिखल वर येतो.

यापुढे काम वाऱ्याचे. उन्हापेक्षा वारा महत्त्वाचा, हे शेतकऱ्याला सांगायला नको. उफणणी आणि वाळवण दोन्ही त्याच्याच हातातली. एका दाराशी पंखा लावून हवा थेट उचललेल्या गालिच्याखाली जाईल असे करावे आणि पलीकडचे दार उघडे ठेवावे. पंख्याची वायर पाण्यातून नेऊ नये आणि ओल्या हाताने बटण दाबू नये. आम्हाला कडक उन्हाचे दिवस मिळाले तरी पुरते चार दिवस लागले. जाड स्पंज असेल तर आठवडाही लागतो.

पण आषाढ-श्रावणात, त्यातून कोकणात किंवा घाटमाथ्यावर, बाहेरची हवाच पाण्याने जड झालेली असते. तिथे दारे उघडी ठेवून ओल जात नाही, उलट वाढते. अशा वेळी, विजेच्या जोडांपर्यंत पाणी गेलेले नाही याची खात्री असेल तर, बॅटरी जोडून, काचा लावून गाडीचा एसी सुरू करावा आणि सोबत गरम हवेचे बटणही फिरवावे. एसीच्या गार नळ्यांवर हवेतली वाफ धरते आणि थेंब होऊन गाडीखाली ठिबकते. ते पाणी म्हणजे गाडीतली ओल बाहेर पडते आहे. मधूनमधून पाच मिनिटे दारे उघडून कोंदट हवा घालवावी. हे सारे उघड्यावर करायचे. पावसाची झड येते म्हणून गाडी बंद गोठ्यात किंवा खोलीत उभी करून इंजिन चालू ठेवू नये. त्या धुराला नाव न घेण्यासारखा वास असेलच असे नाही, पण त्यातला विषारी वायू माणसाला आणि जनावराला गुपचूप मारतो. याच कारणाने गाडीत कोळशाची शेगडी ठेवण्याचा विचारही करू नये.

मिठाबद्दलही बोलले पाहिजे, कारण हा सल्ला आम्हाला तिघांनी दिला. खडे मीठ ओल ओढते ही गोष्ट खरी, पण मूठभर मिठाने बादलीभर पाणी ओढले जात नाही, आणि तेच मीठ विरघळून पत्र्यावर उतरले की गंज दुप्पट वेगाने धरतो. सोड्याचे तसे नाही. सगळे वाळल्यावर खायचा सोडा गालिच्यावर भुरभुरून रात्रभर ठेवला आणि सकाळी झाडून काढला तर उरलासुरला वास कमी होतो. आधी नव्हे, ओल्यावर टाकला तर नुसता चिखल.

बुरशीचे पांढरे-हिरवे ठिपके दिसले तर नाकातोंडाला फडके बांधून, साबणाच्या कोमट पाण्याने घासून ते काढावेत आणि जागा लगेच वाळवावी. दमेकऱ्याने या कामाच्या जवळपास फिरू नये. सीटच्या पट्ट्यांना ब्लीचिंगचे पाणी कधी लावू नये, धागा कमजोर होतो आणि ऐन वेळी पट्टा दगा देतो. गंजाचा तांबूस डाग काचकागदाने घासून, कोरडा करून त्यावर लाल ऑक्साइडचा हात आणि वर रंग द्यावा. नांगराला, ट्रॉलीला देतो तोच.

वाळले की नाही हे हाताला नीट कळत नाही. वहिनींनी त्याला सोपी तोड काढली. रोज रात्री गालिच्याखाली जुन्या वर्तमानपत्राचे चार कागद सरकवून वर वजन ठेवायचे आणि सकाळी काढून बघायचे. पहिल्या दोन दिवशी कागद लोळागोळा, तिसऱ्या दिवशी दमट. चौथ्या सकाळी पापडासारखा खुडखुडीत निघाला, तेव्हाच त्यांनी सीट बसवू दिल्या.

काच उघडी राहिली म्हणून भिजली तर कारण उघड आहे. पण काचा बंद असूनही पाणी येत असेल तर वाट शोधल्याशिवाय वाळवण्यात अर्थ नाही. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांना एक हमखास रोग असतो. पुढच्या काचेच्या तळाशी, बोनेटच्या कडेला पाणी वाहून जायची जागा असते. चिंचेचा, कडुनिंबाचा पाला तिथे कुजून बुजतो आणि पाणी आत वळते. तसेच दाराचे. काचेवरून ओघळलेले थोडे पाणी दाराच्या पोटात जाणारच. ते जायला दाराच्या खालच्या कडेला बारीक भोके ठेवलेली असतात. चिखलाने ती बुजली की दार उघड-मिट करताना आत खळखळ ऐकू येते. खराट्याच्या हिराने ती मोकळी करावीत, टोकदार तारेने नको. एवढे करूनही पाणी आले तर एकाने बॅटरी घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने बागेच्या झारीने पाणी ओतावे, पण आधी खालून, मग हळूहळू वर, म्हणजे नेमकी जागा सापडते. आतून टाल्कम पावडर भुरभुरली तर ओघळाची रेघ उमटते. पाऊस नसताना, एसी चालवल्यावरच पुढच्या डाव्या पायाशी ओल येत असेल तर तो पाऊस नव्हे, एसीची पाणी सोडणारी नळी बुजली आहे. आणि ओल चिकट, रंगीत, गोडसर वासाची असेल तर ते इंजिन गार ठेवणारे पाणी. तिथे मिस्त्रीच हवा.

पुराच्या पाण्याची गोष्ट मात्र वेगळी. २००५, २०१९ आणि २०२१ सालच्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेच्या काठी कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. पुरात बुडालेली गाडी चालू होते का म्हणून चावी फिरवून बघण्याचा मोह अनेकांना होतो, आणि तिथेच मोठे नुकसान होते. इंजिनात पाणी शिरले असेल तर हवेसारखे ते दाबले जात नाही आणि आतला दांडा वाकतो. चावी न लावता फोटो काढावेत, विम्याला कळवावे आणि गाडी ओढून न्यावी. त्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी असते, म्हणून गालिच्याखालचा थर वाळवत बसू नये, नवा घालावा.

आमच्या गाडीसाठी त्या पावसाळ्याच्या आत भावाने चिंचेपासून दूर, गोठ्याच्या पलीकडे चार पत्र्यांचे छप्पर उभे केले. आईला पुन्हा गाडीत बसवले ते आषाढात, पंढरीच्या वारीहून आलेल्या मावशीला भेटायला नेताना. बसल्याबरोबर तिने पदर नाकाला लावला, मग हळूच काढला, दोनदा वास घेतला आणि भावाला म्हणाली, “काच थोडी वर घे रे, वारा लागतोय.”