काचेला घाम फुटण्याआधी

सप्टेंबर 2022 मध्ये वॉशिंग्टनला लिझो या गायिकेने काचेची बासरी वाजवली. पॅरिसच्या क्लोद लोरां यांनी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्यासाठी 1813 मध्ये घडवलेली ती बासरी आजही धडधाकट आहे, यात तिच्या शिसेयुक्त काचेचा मोठा वाटा आहे. ती जपणाऱ्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे लोरांच्या आणखीही बासऱ्या आहेत. 'क्रिस्टल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बासऱ्यांपैकी बहुतेक तपासणीत पोटॅश काचेच्या निघाल्या, आणि काही आजारी.

काचेचं दुखणं वयावर नाही, घडणीवर ठरतं. वाळू लवकर वितळावी म्हणून सोडा किंवा पोटॅश घालतात आणि काच पाण्यापुढे टिकावी म्हणून चुना. चुना कमी पडला की हवेतलं बाष्प सोडा-पोटॅशचे क्षार बाहेर ओढून काढतं. व्हेनिसच्या कारागिरांनी नितळपणासाठी राख शुद्ध केली, तेव्हा रंग आणणाऱ्या अशुद्धींबरोबर चुनाही गेला. लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी 1674 मध्ये पेटंट घेतलेली सुरुवातीची काचही अशीच तडकली. निर्दोष दिसण्याचा हव्यासच या काचांना भोवला, असं मला वाटतं.

पहिली खूण अगदी साधी असते: पुसट धुरकटपणा, बोटाला जाणवणारा निसरडेपणा, ओल्या दिवसांत बारीक थेंब. नेमकी हीच खूण 'धूळ' समजून पुसली जाते. पुसल्याने काचेचं भलंच होतं, क्षार निघून जातात. पण नोंद न करता पुसलं तर दुखण्याचा पुरावाही फडक्याबरोबर जातो. म्हणून संवर्धक आधी शुद्ध पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा मोजक्या जागेवरून फिरवतात आणि त्यातलं सोडियम, पोटॅशियम आयन क्रोमॅटोग्राफीने मोजतात. डोळ्यांना काच स्वच्छ दिसत असतानाही हे आकडे बोलू लागतात. पीएच पट्टी त्याहून स्वस्त; पृष्ठभाग अल्कधर्मी निघाला की सावध व्हायचं. तिरप्या उजेडात आणि सूक्ष्मदर्शकाखाली केसांहून बारीक भेगांचं जाळं दिसतं, पण तोवर बराच उशीर झालेला असतो. अतिनील प्रकाशातली चमक शिशाची काच ओळखायला मदत करते. हातात धरायचं क्ष-किरण यंत्र शिसं, पोटॅशियम दाखवतं, मात्र हलकं सोडियम त्याच्या नजरेतून सहज निसटतं. काचेला लागून असलेल्या तांब्या-पितळेवर हिरवा-निळा थर चढला, तर तीही काचेचीच तक्रार असू शकते.

गेलेले क्षार परत भरता येत नाहीत. म्हणून आजारी काच साधारण 40 ते 45 टक्के आर्द्रतेत ठेवतात. त्याहून कोरडी हवा झाली तर पाणी शोषलेला थर आकसून तडकतो. लाकडी कपाटातून निघणारं फॉर्मिक आम्लही घातक. मुंबईत पावसाळ्यात आर्द्रता सहज 80 टक्क्यांवर जाते. आपल्याकडच्या संग्रहालयांनी प्रत्येक काचवस्तूच्या नोंदपत्रावर काळ आणि कारागीर यांच्याबरोबर काचेची घडणही लिहायला हवी, आणि ज्यांची घडण कच्ची त्यांच्यावर बोळा आधी फिरवायला हवा.