सहा हजार डॉलरांचे झोंबी

जेरेमी गार्डनरचा ‘द बॅटरी’ (२०१२) अवघ्या ६,००० डॉलरांत झाला. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा आणि झेलणारा या जोडीला ‘बॅटरी’ म्हणतात. ओसाड न्यू इंग्लंडमध्ये भटकणारे बेन आणि मिकी ही तशीच जोडी. झोंबी मोजकेच. खरा झगडा या दोघांतला: बेन नव्या जगाला सरावला आहे, मिकी कानांत हेडफोन घालून जुने धरून बसला आहे. गाण्यांवरचे लांबलेले तुकडे मात्र मला निव्वळ भरताड वाटले. शेवटी दोघे गाडीत अडकतात. मिकी किल्ली आणायला बाहेर पडतो, आणि कॅमेरा कित्येक मिनिटे आतल्या बेनवरच खिळून राहतो. बाहेरचे दाखवायला पैसे नसतीलही. पहिल्या खेपेस मी घड्याळ पाहिले. दुसऱ्या खेपेस, बेनसारखाच, बाहेरचा प्रत्येक आवाज ऐकत बसलो.