भाद्रपदातली उचल

किन्हवलीहून शहापूरकडे जा, नाहीतर सरळगावमार्गे मुरबाडकडे. पाऊस सरला की दोन्हीकडच्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. घरेच्या घरे भिवंडी-कल्याण पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवर जातात. आवणीची मजुरी संपलेली, घरात दाणा नाही. अशा वेळी, भाद्रपदातच, भट्टीमालकाकडून उचल घ्यायची आणि पुढचा सगळा हंगाम ती फेडत राहायचे. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातला विकास मला याच उचलीवर मोजावासा वाटतो. श्रमजीवी संघटनेचे विवेक पंडित यांच्या चार दशकांहून अधिक काळाच्या कामाकडेही मी तसेच पाहतो.

विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ मध्ये विधायक संसद आणि १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी केली. रचनात्मक काम संस्थेकडे, लढा संघटनेकडे. सुरुवात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वसई तालुक्यात, दहिसर गावी झाली. तेव्हा या जिल्ह्यात लग्नगडी नावाची माणसे होती. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापोटी नवरा-बायको दोघेही मालकाच्या दारी वर्षानुवर्षे राबत. गोदावरी परुळेकरांनी १९४५ च्या वारली उठावात या प्रथेवर घाव घातला होता, तरी ती मुळासकट गेली नव्हती.

वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ चा. तो फार शहाणपणाने केलेला आहे. कर्ज वेठीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याने मालकावर टाकली आणि वेठीला लावणाऱ्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. पण या कायद्याला हात-पाय फुटायचे तर आधी कुणीतरी अधिकाऱ्यापुढे उभे राहून ‘मी वेठबिगार आहे’ असे म्हणायला हवे. ज्याच्या घरी रात्रीची भाकर मालकाकडून येते, त्याला हे वाक्य उच्चारायला किती बळ लागत असेल! श्रमजीवीने ते बळ दिले, हे मला या साऱ्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे काम वाटते. १९९९ मध्ये लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलने पंडित दांपत्याचा गौरव केला. पुढे २००९ मध्ये विवेक पंडित वसईचे आमदार झाले, तर २०१८ मध्ये राज्याच्या आदिवासी क्षेत्र आढावा समितीचे अध्यक्ष.

लढ्यासोबत रचनात्मक कामही भट्ट्यांपर्यंत गेले. भट्टीवरच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात. विधायक संसदेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा भरवल्या. मूल आईबापांमागे जाते, मग शाळेनेही जावे, इतका साधा विचार त्यामागे होता.

तरीही वेठीतून सुटलेला माणूस खाणार काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे एक उत्तर शहापुरात मिळाले, आणि ते कातकरी तरुणांनीच शोधले. सुनील पवार आणि त्यांच्या मित्रांनी आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेतर्फे रानातली गुळवेल गोळा करून विकायला सुरुवात केली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या वनधन योजनेतून वनोपज प्रक्रियेचे केंद्र मिळाले. वेल तोडायची, वाळवायची, दळून भुकटी करायची. दीडेक वर्षात १२ लाख ४० हजारांची भुकटी आणि ६ लाख १० हजारांची वाळलेली गुळवेल विकली गेली. करोनाकाळात डाबर, बैद्यनाथ, हिमालय अशा कंपन्यांकडून दीड कोटीच्या वर मागणी आली. खैरापासून कात काढणारी ही जमात. रानाची जाण तिला होतीच. त्या जाणकारीला थेट गिऱ्हाईक मिळाले, ही नवी गोष्ट.

पण गुळवेल उभ्या झाडावर चढते. झाड तुटले की वेलही गेली. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क मान्य केला आहे. म्हणून रान टिकवायचे तर गावोगावच्या ग्रामसभांनी सामूहिक वनहक्काचे दावे नेटाने लावून धरायला हवेत; संघटनेची सवय इथेच उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट वेळेची. भट्टीवाल्याची उचल माणसाला बांधते, कारण ती नेमक्या गरजेच्या दिवसांत हातात पडते. वनोपजाचे पैसे मात्र माल विकला गेल्यावर येतात. पुढच्या हंगामाच्या मालापोटी थोडी रक्कम केंद्रांनी भाद्रपदातच, बिनव्याजी, घरातल्या बाईच्या खात्यावर जमा करावी. भट्टीवाल्याचा मुकादम वाडीत येण्याआधी.