सावल्यांची संगीत नाटके

मुलांनो, रात्री वीज गेली की नांदेड असो वा लातूर, घरात मेणबत्ती लागते आणि भिंतीवर हातांच्या सावल्यांचे ससे, हरणे पळू लागतात. तुम्हीही हा खेळ खेळला असाल. बर्लिन शहरात १८९९ साली जन्मलेल्या लोटे रायनिगर या बाईंनी अशा सावल्यांचेच चित्रपट तयार केले.

त्यांची साधने साधी होती : कात्री, काळा जाड कागद, शिशाचा पातळ पत्रा आणि तार. बाहुलीचे हात, पाय, मान त्या वेगवेगळे कापत व तारेने सैल जोडत. मग ती बाहुली काचेच्या टेबलावर आडवी ठेवीत. खाली दिवा, वर कॅमेरा. एक चित्र घ्यायचे, हात केसभर सरकवायचा, पुन्हा एक चित्र घ्यायचे. 'अलिफ लैला'तील गोष्टींवरचा त्यांचा 'राजपुत्र अहमद' हा मोठा चित्रपट तीन वर्षांच्या मेहनतीनंतर १९२६ साली आला, यात नवल नाही!

पुढे त्या ऑपेराकडे वळल्या. ऑपेरा म्हणजे युरोपातील गायनप्रधान नाटक. तुमच्या उर्दूत अमानत लखनवी यांची 'इंदरसभा' आहे, मराठीत १८८० सालचे 'संगीत शाकुंतल' आहे. त्याच जातीचे हे नाटक. मात्र ऑपेरात बहुधा संवादही गाऊनच म्हणतात. बाईंनी १९३३ साली 'कार्मेन' आणि १९३५ साली 'पापागेनो' हे छोटे चित्रपट केले. पापागेनो हा मोत्झार्ट यांच्या ऑपेरातील पक्षी पकडणारा गडी. चित्रपट सुमारे ११ मिनिटांचा. पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. आता तुम्हीच हिशेब करा : १५,८४० चौकटी! शिवाय बाहुलीचे पाऊल संगीताच्या ताला-सुरात पडले पाहिजे.

त्याच काळात जर्मनीत हिटलरची सत्ता आली होती. बाईंना ती राजवट मान्य नव्हती. त्यांनी पतीसह देश सोडला. पण कोठेही कायम राहण्याचा परवाना मिळेना. मुदत संपली की दुसरा देश गाठायचा. कात्री मात्र थांबली नाही.

थोडे थोडे हलवून चित्र घेण्याची ही युक्ती आपल्याकडे त्याआधीच आली होती. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणे पेरून रोपाची वाढ अशीच टिपली. पहिल्या महायुद्धामुळे भांडवल मिळेनासे झाले, तेव्हा १९१५ साली त्यांनी काडेपेटीतल्या काड्याच नाचवल्या. चित्रपटाचे नाव 'आगकाड्यांची मौज'. 'पापागेनो' आजही पाहता येतो. या आगकाड्यांची फिल्म मात्र उरलेली नाही.