घरच्या मिक्सिंगचा कॅमेरा : डिजिटल-एट

लग्नाचं शूटिंग आणि त्यानंतरचं ‘मिक्सिंग’ ही रत्नागिरीत बरीच वर्षं शूटिंगवाल्याचीच कामं होती. घरातल्या कोणी कॅमेरा हातात घेतला, तरी कॅसेट जशी भरली तशीच टीव्हीला लावून बघायची. नको तो भाग काढायचा तर दोन व्हीसीआर जोडून एकावरचं दुसऱ्यावर उतरवायचं. प्रत्येक उतरवणीत चेहरे आणखी पुसट होत. सामान्य घराच्या ऐपतीत ही अडचण सोडवली ती सोनीच्या डिजिटल-एट कॅमेऱ्याने. त्याच्याबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो.

८ मिलिमीटर फितीचा हँडीकॅम १९८५ मध्ये आला, त्याच फितीवरचा जास्त स्पष्ट हाय-एट १९८९ मध्ये. १९९५ मध्ये डिजिटल फितीचे, म्हणजे डीव्ही पद्धतीचे कॅमेरे बाजारात आले. चित्र सुरेख होतं, पण किंमत आवाक्याबाहेर. मग १९९९ मध्ये सोनीने जुन्याच हाय-एट कॅसेटवर डीव्हीचं डिजिटल चित्र लिहिणारा कॅमेरा काढला. त्यासाठी फीत जास्त वेगाने पळवावी लागे, म्हणून आपल्याकडची ९० मिनिटांची कॅसेट ६० मिनिटांतच संपायची. अंगाने तो डीव्हीच्या छोट्या कॅसेटवाल्या, म्हणजे मिनीडीव्ही कॅमेऱ्यापेक्षा थोराड होता, पण स्वस्त होता, आणि फितीवरची माहिती दोघांचीही सारखीच. शिवाय त्यातली बरीच मॉडेलं जुन्या अॅनलॉग कॅसेटही वाजवत आणि वाजवता वाजवता डिजिटल करून संगणकाकडे पाठवत.

एडिटिंगसाठी डीव्ही इतकी सोयीची का, याचं कारण साधं आहे. सेकंदाला २५ चित्रं, आणि प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे आवळून ठेवलेलं. त्यामुळे कुठेही कापा, शेजारचं चित्र बिघडत नाही. नंतर आलेल्या छोट्या डीव्हीडीच्या कॅमेऱ्यांत एक चित्र दुसऱ्याच्या आधारावर उभं असतं. बघायला ते छान, पण कापाकापी केली की पुन्हा आवळणं आलं आणि चित्राचा कस उतरला. तबकडी लगेच प्लेअरमध्ये टाकता येते म्हणून अनेकांनी ते कॅमेरे घेतले. मिक्सिंगची हौस असलेल्यांना ते त्रासाचेच ठरले.

कॅमेरा संगणकाला जोडायची तार फायरवायरची; सोनी तिला आय-लिंक म्हणे. या तारेतून चित्र येई आणि फीत पुढेमागे करायचे हुकूमही जात. तासाभराच्या शूटिंगला साधारण १३ जीबी जागा लागे. २००० च्या सुमाराला घरच्या संगणकाची हार्ड डिस्क बहुधा १० ते २० जीबीची, म्हणजे एक शिमगा उतरवला की डिस्क भरलीच. तरीही विंडोज एक्सपीमधल्या मूव्ही मेकरवर लोकांनी नेटाने आपापले गणपती जोडले.

रत्नागिरीत हे कॅमेरे आखातातल्या नातेवाइकांच्या बॅगांतूनही आले. ते सहसा आपल्याकडच्याच पाल या टीव्ही-पद्धतीचे, म्हणून इथल्या टीव्हीवर नीट चालत. अमेरिकेहून आलेला, तिथल्या एनटीएससी पद्धतीचा कॅमेरा मात्र आपल्या ५० हर्ट्झच्या ट्यूबलाइटखाली लुकलुकणारं चित्र देई, आणि त्याचं शूटिंग पालच्या शूटिंगमध्ये सरळ जोडताही येत नसे. जुना कॅमेरा घेताना आजही हे पाहावं : पालच्या मॉडेलच्या नावात शेवटी बहुतेक वेळा ‘ई’ असतो.

खरी परीक्षा शिमग्यात. ग्रामदैवत भैरीची पालखी नाचते तेव्हा ढोलताशांचा आवाज इतका मोठा, की कॅमेरा आपणहून ध्वनीची पातळी खाली ओढतो. वाद्यं थांबून देवापुढचं गाऱ्हाणं सुरू होतं, पण पातळी वर यायला थोडा वेळ लागतो. सुरुवातीचे शब्द बारीक येतात आणि ‘होय महाराजा’ तेवढं खणखणीत ऐकू येतं. माझ्या मते गाऱ्हाणं हाच घरच्या शूटिंगचा सगळ्यांत मोलाचा भाग. म्हातारी माणसं ते ज्या हेलाने घालतात तो पुढे कुठे ऐकायला मिळणार? म्हणून बाहेरचा माइक जोडायची सोय असलेलं मॉडेल घ्या, झूम थोडा कमी असला तरी चालेल. मेनूत ध्वनी १२ बिटवर असेल तर १६ वर न्या. लांब शूटिंगमध्ये ओठ आणि आवाज यांची फारकत होण्याची भीती कमी होते. रात्री अंधारात चित्र घेणारा नाइटशॉट टाळा, त्यात गुलालसुद्धा हिरवट दिसतो.

नव्या शूटिंगसाठी डिजिटल-एट शोधावा असं मी म्हणणार नाही. त्यासाठी कार्डावर लिहिणारा साधा कॅमकॉर्डर किंवा फोन पुरे. फोन मात्र अनेकदा सेकंदाला कमीजास्त चित्रं घेतो आणि एडिटिंगमध्ये आवाज सरकतो. वेग स्थिर ठेवणारं अॅप वापरावं. डिजिटल-एटची गरज आहे ती कपाटातल्या कॅसेटसाठी. अशा कॅमेऱ्यांचं उत्पादन केव्हाच थांबलं, त्यामुळे वापरलेलाच घ्यावा लागेल. आपली अॅनलॉग कॅसेट सोबत न्या आणि त्यावर वाजवून पाहा, कारण काही स्वस्त मॉडेलं फक्त डिजिटलच वाजवतात. फायरवायरची खाच तपासा. नव्या लॅपटॉपला ती नसते. ती असलेला जुना संगणक मिळाला तर उत्तम.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि ती ओल फितीला बुरशी आणते. कॅसेटच्या खिडकीतून पांढरे धागे किंवा पावडर दिसली, तर ती कॅमेऱ्यात मुळीच घालू नका. हेड खराब होतंच, आणि त्यावर पुढे वाजवलेल्या चांगल्या कॅसेटलाही बुरशी लागते. तशी फीत जाणकाराकडून साफ करून घ्यावी. बाकीच्या कॅसेट पावसाळ्याआधी, कोरड्या हवेत उतरवाव्यात. उतरवलेली मूळ डीव्ही फाइल तशीच जपावी, मिक्सिंग तिच्या प्रतीवर करावं. कॅसेटही फेकू नये. आणि फाइलींची एक डिस्क गणपतीला आलेल्या चाकरमान्याबरोबर मुंबईच्या घरी पाठवून द्यावी.